चाकाच्या पोटातली धूळ

बेअरिंग म्हणजे पोलादाच्या दोन कड्या आणि त्यांच्यामध्ये फिरणारे छर्रे किंवा रोलर. आतली कडी आखावर बसते, बाहेरची चाकाच्या हबमध्ये. छर्रे एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांना पत्र्याच्या किंवा नायलॉनच्या पिंजऱ्यात अडकवलेले असते. एवढाच हा भाग, पण चाक हलके फिरणार की रडतखडत, हे त्याच्यावर ठरते. वेळेआधी निकामी झालेले बेअरिंग उघडून पाहिले तर दोष बहुधा ओझ्याचा निघत नाही. आत शिरलेली धूळ, पाणी किंवा वंगणाचा कोरडेपणा यांपैकी काहीतरी सापडते.

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यात, बालाघाटच्या पठारावर वसलेल्या घाटनांदूरच्या परिसरात हा भाग ठिकठिकाणी दिसतो. उसाची टायरगाडी, ट्रॅक्टरची ट्रॉली, सायकल, विहिरीवरची मोटर आणि परळी-लातूर रोड मार्गावरून जाणारे रेल्वेचे डबे, या सगळ्यांच्या चाकांत किंवा दांड्यांवर बेअरिंगच असते. याच जातीचे, पण नखाएवढे बेअरिंग रिमोटवर चालणाऱ्या शर्यतीच्या छोट्या गाड्यांत असते. मुंबई-पुण्यातले छांदिष्ट आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी या गाड्या पळवतात. दोन्हीकडे धुण्याची रीत जवळजवळ एकच आहे. वंगणाची निवड मात्र पार उलटी आहे, आणि ती का, हे कळले की कुठल्याही चाकाची निगा राखता येते.

वंगण हा शब्दच मुळात बैलगाडीचा. जुन्या लाकडी गाडीला बेअरिंग नव्हते. चाकाच्या तुंब्यात, म्हणजे हबमध्ये, लोखंडी नळी बसवलेली असे आणि ती आखाच्या टोकावर थेट घासत फिरे. या घासणीत एरंडेल आणि काजळी किंवा जाळलेल्या गवताची राख कालवून केलेला काळा लगदा भरत. तोच वंगण. गाडीखाली टांगलेला वंगणाचा नळा हा लांबच्या प्रवासाच्या सामानाचाच भाग होता. त्यात एरंडेल असे यामागे कारण आहे. वनस्पतीच्या तेलांत ते फार दाट असते, धातूला चिकटून राहते आणि करडईच्या तेलासारखे वाळून चिकट होत नाही. मराठवाड्यात करडई आणि सोयाबीन घरोघरी, त्यामुळे कुरकुरणाऱ्या चाकात स्वयंपाकघरातले तेल ओतण्याचा मोह होतो. ही तेले हवेने घट्ट होऊन गोंदासारखी धरतात. आज आवाज थांबतो, पण महिन्याभरात आत धुळीची लापशी झालेली असते.

टायरगाडीत घासणीच्या जागी लोळण आली. चाकाच्या हबमध्ये दोन बेअरिंगे असतात, आतल्या बाजूला मोठे आणि बाहेरच्या बाजूला लहान. दोन्ही शंकूच्या आकाराच्या रोलरची, म्हणजे टेपर रोलर बेअरिंगे. उभे ओझे आणि वळताना चाकावर येणारा आडवा रेटा, दोन्ही त्यांना पेलता येतात. या बेअरिंगाचा जन्मही गाड्यांच्याच धंद्यात झाला. अमेरिकेतल्या सेंट लुईसचा घोडागाड्या बांधणारा हेन्री टिमकेन याने १८९८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याच्या शंभरएक वर्षे आधी, १७९४ मध्ये, वेल्समधला लोखंडाचा कारखानदार फिलिप व्हॉन याने छर्ऱ्यांच्या बेअरिंगाचे पेटंट घेतले होते, तेही गाडीच्या आखासाठीच. महाराष्ट्रात हा उद्योग चिंचवडला रुजला. एसकेएफ या मूळच्या स्वीडिश कंपनीचा कारखाना तिथे १९६० च्या दशकापासून आहे.

दसरा-दिवाळीनंतर उसाचा हंगाम लागला की बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे कोयता घेऊन तोडीला निघतात. एका टायरगाडीवर दोन-अडीच टन ऊस सहज चढतो. अशा गाडीत बेअरिंग किती काम करते, याचा एक ढोबळ हिशेब मांडता येतो. आख ४० मिलिमीटर जाडीचा आणि चाक ७५० मिलिमीटर व्यासाचे धरले, तर नुसत्या घासणीच्या नळीत बैलांना आखापायी साधारण १३ किलो जोर जादा लावावा लागेल. चांगल्या रोलर बेअरिंगात हाच जोर पाव किलोच्या आसपास येतो. कच्च्या रस्त्यावर टायर दबण्या-उचलण्यातच बैलांचा शंभरेक किलो जोर जातो. म्हणजे चालू स्थितीतले बेअरिंग थोडे अधिक गुळगुळीत केल्याने बैलांचे ओझे फारसे हलके होत नाही. बेअरिंग जपायचे ते ते फुटू नये म्हणून. भरल्या गाडीचे बेअरिंग फुटले तर रोलर आडवे होतात, हब आखाला घासतो, चाक तिरके धरते आणि त्याची ओढ बैलांच्या खांद्यावर येते. रात्रीच्या वाटेत हे घडले तर चाक निसटून गाडी उलटूही शकते.

हंगामाआधीची दुरुस्ती म्हणून हबची कामे सुरू होतात. गाडीचा आख लाकडी ठोकळ्यावर नीट टेकवून चाक उचलायचे. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहायचे नाही. चाक वर-खाली धरून हलवून पाहायचे. खडखड जाणवली तर बेअरिंग सैल किंवा झिजलेले आहे. मग हबची टोपी, कॉटर पिन आणि नट काढला की बाहेरचे बेअरिंग हातात येते. आतले बेअरिंग ऑइल सीलमागे असते. ते सील काढताना बहुधा फाटते, म्हणून नवे आधीच आणून ठेवलेले बरे. कोणत्या चाकाचे कोणते बेअरिंग, हे चुकू देऊ नये. रोलर आणि त्यांची बाहेरची वाटी एकमेकांच्या जोडीने झिजलेली असतात, अदलाबदल झाली की दोन्ही लवकर जातात.

धुण्यासाठी डिझेल किंवा रॉकेल पुरते. जुने ग्रीस आधी चिंधीने पुसून काढायचे. पुसल्याशिवाय बुडवले तर धुणारे तेलच गढूळ होते आणि घाण एका रोलरवरून दुसऱ्यावर जाते. ब्रशने घासून, दुसऱ्या भांड्यातल्या स्वच्छ तेलात खळबळून, धागे न सुटणाऱ्या कापडावर ठेवून बेअरिंग सुकवायचे. गावोगावच्या सायकल दुकानांत ‘ओव्हरऑइल’ करताना हेच चालते. हब उघडून छर्रे रॉकेलच्या ताटलीत सोडायचे, धुऊन मोजायचे, ग्रीसच्या थरावर एकेक चिकटवायचे. मागच्या चाकात एका बाजूला साधारण नऊ छर्रे असतात. मोजणी चुकून आठच बसवले तर तो हब हंगामभरही टिकत नाही.

धुतलेले बेअरिंग उजेडात धरून पाहणे ही या कामातली सर्वांत मोलाची पायरी. वाटीवर काळसर डाग असतील तर पाणी शिरले होते. बारीक खळगे किंवा सुटलेल्या खपल्या दिसल्या तर पोलाद थकले आहे आणि असे बेअरिंग कितीही ग्रीस भरले तरी बरे होत नाही. निळसर किंवा तपकिरी झाक म्हणजे कोरडे चालून तापले होते. नुसते बारीक, धुरकट ओरखडे धुळीचे. ते उथळ असतील तर बेअरिंग आणखी चालते, पण धूळ आत कुठून आली ते शोधावे लागते.

बालाघाटवरची जमीन काळ्या पाषाणाची, बेसॉल्टची, आणि तिच्यावर काळी माती. ही माती अतिशय बारीक कणांची असते. भिजली की चिकट होते, वाळली की पिठासारखी उडते. मुरमाच्या रस्त्यावरची धूळ त्याहून खरखरीत. बेअरिंगाचे पोलाद कडक खरे, पण खडकातली काही खनिजे त्याला ओरखडण्याइतकी कठीण असतात. रोलर आणि वाटीच्या मधला तेलाचा पापुद्रा बहुधा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा. म्हणजे डोळ्याला न दिसणारा पाच मायक्रॉनचा कणही त्या पापुद्र्यापेक्षा कितीतरी मोठा ठरतो. तो पापुद्रा फोडून पोलादात रुततो आणि रोलर प्रत्येक फेरीत त्यावरून जातो. ऊस टाकून परतणारी गाडी ओढ्यातून नेली की आणखी एक गोष्ट घडते. चालून कोमट झालेला हब पाण्यात एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून गढूळ पाणी आत ओढले जाते.

ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेले तेल. स्पंज पाणी धरून ठेवतो तसा साबणाचा जाळीदार भाग तेल धरतो आणि लागेल तसे सोडतो. लिथियमच्या साबणाचे ग्रीस उष्णता आणि पाणी दोन्ही बऱ्यापैकी सोसते, म्हणून चाकासाठी तेच घ्यावे. स्वस्त कॅल्शियमचे ग्रीस पाण्याला चांगले असते, पण साठ-सत्तर अंशांवर पातळ होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला ते धोक्याचे. दोन वेगळ्या जातींचे ग्रीस एकत्र आले तर कधी कधी दोन्ही पाणी होऊन वाहून जातात, तेव्हा जुने पूर्ण धुतल्यावरच नवे भरावे. भरण्याची जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगाची रुंद कडा त्यात दाबत राहायची, रोलरच्या फटींतून ग्रीस दुसऱ्या बाजूला बाहेर येईपर्यंत. बेअरिंग असे गच्च भरायचे. हबची मोकळी जागा मात्र अर्ध्याहून कमीच भरायची. ठासून भरलेले ग्रीस रोलरखाली घुसळले जाऊन तापते, फुगते आणि सील ढकलून बाहेर येते. एकदा सील सुटले की त्याच वाटेने धूळ आत.

नट आवळताना चाक फिरवत राहायचे. आधी घट्ट, मग किंचित सैल. चाक मोकळे फिरले पाहिजे, पण हलवल्यावर खडखडता कामा नये. त्यानंतर कॉटर पिन नवी घालायची. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरण्याने वाचतात ते चार-दोन रुपये, आणि मध्येच ती तुटली तर नट आपोआप सुटतो.

आता रिमोटची गाडी. मोठ्या मोटारीच्या दहाव्या हिश्शाच्या, म्हणजे ‘एकास दहा’ प्रमाणातल्या शर्यतीच्या गाडीत दीड-दोन डझन बेअरिंगे सहज असतात. चाकांत, गिअरपेटीत, मोटरीच्या दोन्ही टोकांना. आकार मिलिमीटरांत. तामिया या जपानी कंपनीच्या गाड्यांत ‘११५०’ म्हणून ओळखले जाणारे बेअरिंग बाहेरून ११ आणि आतून ५ मिलिमीटरचे असते. स्वस्त संचांत त्याच जागी प्लास्टिकच्या किंवा धातूच्या साध्या नळ्या येतात. त्या बदलून बेअरिंगे बसवणे ही छांदिष्टाची पहिली सुधारणा. जुन्या लाकडी गाडीकडून टायरगाडीकडे जाण्याचाच हा छोटा प्रयोग म्हणता येईल.

फरक आहे तो वेगाचा. बैलांच्या चालीने, ताशी तीन किलोमीटरने चालणाऱ्या टायरगाडीचे चाक मिनिटाला सुमारे २१ फेऱ्या घेते. ६४ मिलिमीटर व्यासाचे रिमोट गाडीचे चाक ताशी साठच्या वेगाला मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फिरते आणि मोटरीचा दांडा त्याच्याही अनेक पटींनी. पाणी साचलेल्या डांबरी रस्त्यावर वेगात असलेली मोटार पाण्याच्या थरावर चढते, तसेच वेगात फिरणारे छर्रे तेलाच्या थरावर चढतात. तेल पातळ असले तरी वेगामुळे थर तयार होतो. टायरगाडी इतकी हळू चालते आणि इतकी जड असते की पातळ तेल रोलरखालून पिळून निघून जाईल. तिला दाट ग्रीसच हवे. तेच दाट ग्रीस रिमोट गाडीच्या मोटरीत भरले तर छर्रे ते घुसळत बसतात, बॅटरीची शक्ती वाया जाते आणि बेअरिंग तापते. हळू आणि जड असेल तिथे घट्ट, वेगवान आणि हलके असेल तिथे पातळ, हा नियम सगळ्या यंत्रांना लागू पडतो.

या लहान बेअरिंगांची तोंडे दोन प्रकारे झाकलेली असतात. काहींना पत्र्याची झाकणी, काहींना रबराचे सील. पत्र्याची झाकणी हलकी फिरते, पण तिच्या फटीतून बारीक धूळ आत जाते. रबर थोडे घासते आणि धूळ अडवते. गुळगुळीत डांबरी किंवा गालिच्याच्या मैदानावर पत्रा चालतो. मातीवर रबरच घ्यावे. काळ्या मातीच्या रानात गाडी पळवायची तर यात दुसरा विचारच नको.

धुण्याआधी बेअरिंगाचा बाहेरचा भाग पुसून घ्यायचा. रबराचे सील बारीक पातीच्या टोकाने आतल्या कडीच्या बाजूने हळूच उचलायचे. बाहेरून उचकटले तर त्याची कड वाकते आणि ते पुन्हा नीट बसत नाही. पत्र्याची झाकणी काही वेळा तारेच्या बारीक रिंगेने अडकवलेली असते. सुईने रिंगेचे एक टोक सोडवले की ती निघते. रिंग उडून हरवते, म्हणून हे काम पांढऱ्या कापडावर करावे. दाबून पक्की केलेली झाकणी काढू नये, तसेच बुडवून धुवावे.

झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटलीत रॉकेल, पेट्रोल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्यात बेअरिंगे टाकायची आणि बाटली हलवायची. गढूळ द्रव ओतून पुन्हा नवा घ्यायचा, तो स्वच्छ राहीपर्यंत. शेवटची खळबळ अल्कोहोलमध्ये दिली तर रॉकेलचा तेलकटपणा निघतो. ॲसिटोनसारख्या तीव्र द्रवात आणि पेट्रोलमध्ये रबर फुगते, म्हणून सील वेगळे, साबणाच्या पाण्यात धुवावे. हे सगळे उघड्यावर, जाळापासून लांब. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरत जाते आणि काही पावलांवर पेटलेली चूल तिला पुरते.

सुकवताना हवेचा जोराचा झोत मारून बेअरिंग गरगर फिरवण्याची हौस अनेकांना असते. त्या शिट्टीसारख्या आवाजाने बेअरिंग मस्त साफ झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात कोरडे छर्रे हजारो फेऱ्यांनी पोलादावर घासत असतात. क्वचित पिंजरा तुटून ते बंदुकीच्या छर्ऱ्यासारखे उडतात. दोन्ही कड्या बोटांत धरून, फिरू न देता हवा मारावी. मग पेन्सिलीच्या टोकावर बेअरिंग अडकवून बोटाने सावकाश फिरवावे. स्वच्छ, कोरडे बेअरिंग थोडे खणखणते, ते चालते. अडकल्यासारखे किंवा वाळू दळल्यासारखे लागले तर पुन्हा धुवावे. दोनदा धुऊनही तसेच राहिले तर ते टाकून द्यावे.

मोटरीच्या आणि गिअरपेटीच्या बेअरिंगाला पातळ तेलाचा एकच थेंब पुरे. फिरवून तो पसरवायचा, बाहेर आलेला पुसायचा आणि सील बोटाने दाबून बसवायचे. जादा तेल वेगाने बाहेर फेकले जाते, फटीशी साचते आणि धुळीला बोलावून घेते. मातीवर पळणाऱ्या गाडीच्या चाकांत मात्र सुईच्या टोकाने हलक्या ग्रीसची पुसट रेघ द्यावी. वेग किंचित कमी होतो, पण बेअरिंग कित्येक पट टिकते.

नव्या बेअरिंगात कारखान्यातले ग्रीस असते. शर्यतीतले अनेक जण ते धुऊन तेल घालतात, कारण मग चाक उचलून फिरवले तर कितीतरी वेळ फिरत राहते. ही परीक्षा फसवी आहे. उचललेल्या चाकावर भार नसतो. भार आल्यावर टायरचा आणि हवेचा अडथळा इतका मोठा असतो की बेअरिंगातला हा फरक त्यात नाहीसा होतो. टायरगाडीच्या हिशेबात पाव किलो आणि शंभर किलोचे जे नाते, तेच इथेही. फार मोकळे फिरणारे बेअरिंग झिजून सैल झालेलेही असू शकते. घड्याळाशी झुंजणाऱ्या अव्वल स्पर्धकाला तो फरक मोलाचा वाटेल, पण मातीवर रमणाऱ्या नवख्याने कारखान्याचे ग्रीस राहू द्यावे. बेअरिंगाच्या डबीवरचा ‘एबेक’ आकडा मापातला नेमकेपणा सांगतो, टिकाऊपणा सांगत नाही. सिरॅमिक छर्ऱ्यांची महागडी बेअरिंगे हलकी असतात आणि छर्रे गंजत नाहीत. कड्या मात्र बहुधा पोलादीच, म्हणून धुणे त्यांनाही चुकत नाही.

इंजिनावर चालणाऱ्या रिमोट गाड्यांचे इंधन मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनचे, आणि त्यात वंगण म्हणून अनेकदा एरंडेल मिसळलेले असते. तापलेल्या धातूला एरंडेल सोडत नाही, हा त्याचा गुण बैलगाडीवाल्यांनी फार पूर्वी ओळखला होता. कॅस्ट्रॉल हे नावही एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरून आले. अशा इंजिनात शर्यतीनंतर उरलेले इंधन ओलावा धरते आणि बेअरिंगे रातोरात गंजतात. म्हणून टाकी रिकामी करून, इंजिन चालवून उरलेले जाळून, दोन थेंब तेल आत सोडून इंजिन फिरवून ठेवावे. क्लचमधली लहान बेअरिंगे उष्णता आणि क्लचची भुकटी यांच्यात सापडतात. ती धुण्यापेक्षा ठरावीक काळाने बदलणेच परवडते.

तापलेल्या बेअरिंगाचा खरा धाक रेल्वेला. पूर्वी डब्यांच्या आखांना घासणीची बेअरिंगे असत आणि त्यांच्या पेट्यांत तेलात भिजवलेले सुताचे बोळे भरत. तेल आटले की पेटी लालभडक होई आणि आख तुटून गाडी रुळांवरून घसरे. आता मालडब्यांना बंदिस्त टेपर रोलर बेअरिंगे आहेत. ती वाटेत उघडत नाहीत. कारखान्यात ठरलेल्या मुदतीला उघडून धुतात. तरीही स्टेशनवरचे कर्मचारी जाणाऱ्या गाडीकडे पाहत उभे राहतात, ते धूर, जळका वास किंवा चाकाचा वेगळा आवाज टिपण्यासाठीच. ट्रॉलीवाल्याने दहा-वीस किलोमीटरनंतर थांबून हबवर तळहात ठेवणे ही त्याच परीक्षेची घरगुती आवृत्ती. तळहात काही क्षणही टेकवता येत नसेल तर हब साठ अंशांच्या पलीकडे गेला आहे.

हंगाम संपला की टायरगाडी पावसाळाभर एका जागी उभी राहते. तेच रोलर वाटीच्या त्याच जागी भाराखाली दबून राहतात, हबच्या हवेतला ओलावा ग्रीस नसलेल्या जागी डाग पाडतो. गाडी उभी करण्याआधी हब उघडून धुवावेत, ग्रीस ताजे भरावे, आखाखाली ठोकळे देऊन चाके जमिनीवरून सोडवावीत आणि दर पंधरा दिवसांनी हाताने अर्धा फेरा फिरवावीत. रिमोट गाडीची चाके तशीच उचललेली ठेवून, बेअरिंगे तेलाचा हात दिलेल्या कागदात गुंडाळून हवाबंद डबीत ठेवावीत. पुढच्या मोसमाला उघडल्यावर मात्र ती तशीच बसवू नयेत. साठवणीचे तेल दाट झालेले असते, ते अल्कोहोलने धुऊन नवा थेंब घालायचा असतो.